फडकं टाका, मग विचारा

कुबडी? मला कुबडी म्हणालात, हेडसर? उचलली जीभ, लावली टाळ्याला! अहो, कुबडी लंगड्याला लागते. माझी पोरं लंगडी नव्हती, नवी होती. चालायला शिकणाऱ्या पोराला कुणी बोट देतं, त्या बोटाला कुबडी म्हणतात का? तुमच्या आईनंही दिलं असेलच की तुम्हाला बोट. जा, तिला म्हणून बघा कुबडी. काय मिळतं ते मला येऊन सांगा.

तुम्ही तिकडे ऑफिसात पंख्याखाली. मी इकडे अडगळीच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर. शेजारी तीन पायांची खुर्ची आणि फाटका नकाशा. माझं बोलणं तुमच्यापर्यंत जायचं नाही, ठाऊक आहे मला. तरी बोलणार. मनात ठेवून कुढत बसणं आपल्याला जमत नाही.

तर ऐका. मी पहिलीच्या वर्गातला मण्यांचा घोडा बोलतोय. पळणारा घोडा नव्हे. खाली दोन पाय, वर लाकडी चौकट, चौकटीत आडव्या दहा तारा आणि प्रत्येक तारेवर मणी. पायांवर उभा राहतो म्हणून पोरांनी घोडा म्हटलं आणि तेच चिकटलं. शिक्षण माझं पहिलीपर्यंत. तेही दरवर्षी पहिलीच. पुढचं काही विचारू नका, येत नाही. पण विसाच्या आतली बेरीज-वजाबाकी असेल तर माझ्या नादाला लागायचं नाही.

मला एका सुतारानं बनवलं. दाराची चौकट करून उरलेलं लाकूड होतं, सगळं गाठीगाठीचं. त्यानं रंधा मारला तर रंधाच अडकला. "काय तिरसट लाकूड आहे!" म्हणाला. त्यात खोटं काही नाही. मणी मात्र मऊ लाकडाचे, एका मोडक्या पलंगाचे पाय कातून काढलेले.

पहिलीच्या बाई म्हणजे त्या सुताराची मेहुणी. ती रोज कारखान्यात येऊन डोक्यावर उभी.

"दाजी, एका तारेवर दहाच मणी हं. पाच लाल, पाच पांढरे."

"दहाच? चांगले वीस घालतो की. पोरांना जास्त गणित येईल."

"जास्त मण्यांनी जास्त गणित आलं असतं तर मी पोतंच भरून नेलं असतं."

"बरं, दहा. पण दोन रंग कशाला? दाराचा निळा उरलाय. सगळे निळे करतो. झकास दिसतील."

"निळे करून बघा. ताईला सांगते."

ताई म्हणजे सुताराची बायको. मणी लाल-पांढरे झाले.

हेडसर, दोन रंग कशाला, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. त्या सुताराला पडला, तुम्हाला पडायला काय हरकत आहे? सांगतो. पाच मणी एका रंगाचे दिसले की डोळा मोजत बसत नाही. ओळखतो. तुम्ही घरी गेल्यावर बायकोचे नाक, डोळे, कान मोजून खात्री करता का? नाही ना? दारातून पाहिलं की कळतं, हीच ती. तसंच हे. पाच लाल आणि बाजूला दोन पांढरे दिसले की सात. संपला विषय. एक, दोन, तीन करत बसायची गरजच नाही.

आणि इथेच बाईंची खरी करामत होती. जुन्या पडद्याचं एक जाड फडकं त्यांनी माझ्या डोक्यावर टाकून ठेवलेलं असायचं. फडक्याआड त्या मणी सरकवायच्या. मग फडकं झटकन वर. पोरांनी बघायचं. एक श्वास घेईपर्यंत फडकं परत खाली.

"किती?"

"साऽऽत!"

"कसे ओळखले?"

"पाच लाल, दोन पांढरे!"

"पलीकडे किती राहिले?"

"तीन!"

सातचा जोडीदार तीन. आठचा दोन. सहाचा चार. दहाच्या घरातले सगळे जोडीदार पोरांना असे पाठ झाले की एकाला हाक मारली की दुसरा ओ द्यायचा. त्याच्या पुढचं मग सोपं. आठ आणि पाच किती? पाचातले दोन उचलून आठाला द्या, आठाचे दहा झाले, हातात राहिले तीन. तेरा! पोरं हे असं सांगायची, जसा कुणी शेजाऱ्याचा पत्ता सांगतो.

वर्गात नुसता दंगा. फडकं उडालं की टाळ्या, पडलं की ओरडा. एखादा चुकला तर बाई म्हणायच्या, "थांब, परत एकदा बघ," आणि फडकं पुन्हा उडायचं. छडी नाही, घड्याळ नाही. पालक भेटायला आले की तेही माझ्याजवळ घुटमळायचे. मी इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. मोठं माणूस माझ्यापाशी आलं की एक तरी मणी सरकवल्याशिवाय पुढे जात नाही. इकडेतिकडे बघतं, कुणी पाहत नाही अशी खात्री करतं आणि टक! तुम्हीही, हेडसर, मला कपाटावर टाकताना एक मणी सरकवलात. मी बोललो नाही, एवढंच.

आता मुंगीचं सांगतो. सगळं भांडण तिच्यापायी आहे.

मुंगी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. वर्गात सगळ्यात लहान, म्हणून मुंगी. पुढच्याच ओळीत, माझ्या पायाशी बसायची. आवाज असा की बोलली तर शेजारणीलाही विचारावं लागे, काय म्हणाली? हिशोब आला की हात फ्रॉकच्या घोळात जायचे. आत बोटं मोजायची. दहाच्या वर गेलं की बोटं संपायची आणि मुंगीही संपायची. पण माझ्यासमोर बसून बसून तिची बोटं हळूहळू बाहेर यायला लागली होती. ओठ हलायला लागले होते.

आणि मग ती भानगड झाली.

बाई नेहमी वरच्या तारा वापरायच्या. त्या दिवशी पुढच्या ओळीतल्या बारक्यांना नीट दिसावं म्हणून वाकल्या आणि सगळ्यात खालची तार घेतली. सात मणी एकीकडे सरकवले. फडकं वर, फडकं खाली.

"पलीकडे किती?"

"तीन!" अख्खा वर्ग.

"चार," मुंगी. आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"नीट आठव बघू बाळा. सातचा जोडीदार कोण?"

"तीन. पण तिथे चार आहेत."

झालं. वर्ग फिदीफिदी हसला. "मुंगीला चार दिसतात! मुंगीला चार दिसतात!" बाई फडकं उचलणार तेवढ्यात घंटा झाली, आणि शाळेची घंटा झाल्यावर पोरांना थांबवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. सगळी पळाली. मुंगी बसून राहिली. माझ्याकडे बघत होती. मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो, की पोरी, तू बरोबर आहेस!

कारण खालच्या तारेवर मणी अकरा होते.

दुसऱ्या दिवसापासून मुंगीचे हात परत फ्रॉकमध्ये. बाईंनी विचारलं तर मान खाली. तिची आई आली, गळ्यात मापाची पट्टी तशीच, शिवण अर्धवट टाकून.

"बाई, घरी तोंड बंद होत नाही हिचं. गिऱ्हाइकांना सांगते, तुमची बाही लांब आहे म्हणून. शाळेत काय होतं? दातखीळ बसते काय?"

बाईंना काय सांगता येणार? त्यांनाच कळत नव्हतं.

कळलं ते शाळेच्या मावशींमुळे. एरवी बाईच मला पुसायच्या, त्या दिवशी पहिल्यांदाच मावशी बसल्या. त्यांची एक सवय, काहीही पुसून झालं की एका बाजूला सारायचं, ओळीत लावायचं. मणीही तसेच लावले, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, अहो बाई! ह्या खालच्या ओळीचं पोट सुटलंय बघा."

बाई आल्या. मोजलं. परत मोजलं. कपाळावर हात मारला आणि तशाच तडक दाजींच्या कारखान्यात. तिथलं बोलणं मला नंतर कळलं, कारण त्या दोघांचं भांडण शाळेत येऊनही चालूच होतं.

"दहा सांगितले होते, दाजी!"

"अगं, दहाच घातले. वर एक दिला. लोक डझनाला एक वर देतात, मी दहाला दिला. घरची मेहुणी म्हणून! आभार मानायचे राहिले बाजूला..."

"तुमच्या वरच्या एकापायी माझी पोर मुकी झाली!"

सुतारानं खिशातून पक्कड काढली, माझ्यासमोर उकिडवा बसला, तारेचं टोक उलगडलं आणि जास्तीचा मणी काढून घेतला. मला जरा गुदगुल्या झाल्या, पण हलकं वाटलं. एवढी वर्षं उगीच पोट घेऊन फिरत होतो.

बाईंनी पोरांना गोळा केलं. "ऐका. खालच्या तारेवर अकरा मणी होते. तुम्ही सगळे तीन म्हणालात, कारण तुम्हाला पाठ होतं. मीही बघितलं नाही, कारण मलाही पाठ होतं. मुंगीनं बघितलं. मुंगी बरोबर होती, मी चुकले. आता चुकलेल्या बाईंचं काय करायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अंगठे धरायला लावा. आमच्या आजोबांना लावायचे."

"अंगठे! अंगठे!" पोरांना ऊत आला.

आणि काय सांगू, बाईंनी पदर खोचला आणि वाकून अंगठे धरले! सुतार दारात उभा राहून खो खो हसत होता. बाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या, "दाजी, हसू नका. खरा चोर तुम्ही. या इकडे." मग दाजीही वाकले. त्यांची ढेरी मधे आली, अंगठे काही हाताला लागेनात, तेव्हा तर पोरं जमिनीवर लोळली. मुंगी हसली. मोठ्यानं हसली. तिला एवढा आवाज आहे हे वर्गाला तेव्हा समजलं.

सुतारानं तो मणी तिच्या हातात दिला. "हा तुझा. आणि माझं एक काम कर. ह्या घोड्यावर लक्ष ठेव, माझा भरवसा नाही." त्या दिवसापासून फडकं मुंगीच्या हातात आलं. काय उडवायची! बाईंनी 'हं' म्हटलं की झटक्यात वर, झटक्यात खाली. फडकं धरायचं तर दोन्ही हात लागतात, फ्रॉकमध्ये घालायला हात राहतात कुठे? मोजणं आपोआप सुटलं.

एवढं सगळं छान चाललेलं असताना तुमची बदली आमच्या शाळेत झाली, हेडसर.

तुम्ही आलात त्याला माझी हरकत नाही. माणूस कुठून तरी येणारच. पण तुम्ही पहिलीच्या वर्गात आलात कधी? नेमकं फडकं धुवायला गेलं होतं तेव्हा! पोरांनी त्याला नाकं पुसली होती, म्हणून मावशींनी ते भिजवलं होतं. बाई ऑफिसात हजेरी द्यायला गेलेल्या. आणि पोरं? पोरं ती पोरंच. उघडा घोडा मिळाल्यावर बोट लावून एक, दोन, तीन सुरू. तुम्ही दारातून पाहिलंत आणि निकाल दिलात. बाई धावत आल्या.

"सर, एरवी असं नसतं. मी फडकं टाकून विचारते."

"फडकं? कसलं फडकं?"

"धुवायला गेलंय."

"बाई, परीक्षेत मणी नसतात. ह्या कुबड्या बंद करा. आणि तोंडी परीक्षा मी स्वतः घेणार. विसापर्यंतचं तोंडी येणार नाही, तो पोरगा असो की पोरगी, पुन्हा पहिलीत बसेल."

परीक्षेत मणी नसतात! अहो, मला का ठाऊक नाही? म्हणूनच तर फडकं होतं! मणी दिसू नयेत म्हणूनच तर सगळी खटपट! पण ऐकतो कोण? तुम्ही मला उचललंत, इथे आणून टाकलंत, तो एक मणी सरकवलात आणि हात झटकून गेलात.

एक मात्र चुकलात. ही अडगळीची खोली आणि पहिलीचा वर्ग यांच्यामधली भिंत छतापर्यंत जात नाही. आणि तुम्ही मला टाकलंत कपाटाच्या डोक्यावर. मला अख्खा वर्ग दिसतो. खालून दिसत नव्हता इतका छान दिसतो.

पहिल्या दिवशी पोरं माझ्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मुंगीच्या हातात धुतलेलं फडकं, आणि टाकायचं कशावर? ही पोर आता परत बोटांवर जाणार आणि पुन्हा पहिलीत बसणार, असंच वाटलं मला.

पण बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. म्हणाल्या, "डोळे मिटा. घोडा आठवा. वरच्या तारेवर आठ मणी सरकवा. पलीकडे किती?"

"दोऽऽन!"

अहो, मी कपाटावर ताठ झालो! पोरांनी डोळे मिटले होते, आणि हवेत बोटांनी मणी सरकवत होती. माझे मणी! कुणी वरचे, कुणी खालचे. एकाचं बोट शेजाऱ्याच्या नाकात गेलं, तर तो ओरडला, "बाई, हा माझ्या नाकावर मणी सरकवतोय!" रोज हेच. मी इथे धूळ खात होतो आणि तिथे प्रत्येकाच्या डोक्यात एकेक घोडा उभा होता. माझ्या मागे एवढी पिल्लं झाली आणि मला पत्ताच नाही!

मग तुमची तोंडी परीक्षा. तुम्ही खुर्चीत, घड्याळ काढून टेबलावर. एकेक पोर उभं राहिलं, सांगून बसलं. मुंगीची पाळी आली. तिची आई दाराबाहेर, पट्टी गळ्यातच, नखं खात उभी.

"तेरातून आठ गेले?"

मुंगीनं डोळे मिटले. बोट उचललं.

"डोळे उघड. झोपतेस काय?"

मी वर दात-ओठ खात होतो. अहो गप्प बसा की जरा! पोर सामान मांडतेय, मांडू द्या! पण मुंगी घाबरली नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "थांबा सर, सरकवतेय." मग डोळे उघडले. "पाच."

"कसे?"

"दहातून आठ गेले, दोन राहिले. वरचे तीन होते. दोन नि तीन पाच."

तुम्ही जरा पुढे सरकलात. "सहा नि सात?"

तिनं डोळे मिटले नाहीत, नुसतं बोट थोडं हललं. "तेरा."

"पंधरातून नऊ?"

"सहा."

बोटही हललं नाही, हेडसर. तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर. त्या क्षणी मुंगीला माझी गरज संपली. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मला? माझ्या तारा झणझणल्या! ह्याच्यासाठीच तर माझे मणी त्या मोडक्या पलंगातून काढले होते. पोराला मी लागेनासा झालो, की मी जिंकलो. बाहेर तिची आई मावशींच्या गळ्यात पडली, आणि मापाची पट्टी दोघींच्या गळ्यात अडकली.

आणि तुम्ही काय म्हणालात? घड्याळ खिशात घालत, मिशीत हसत?

"बघा बाई! मण्यांशिवाय आलं की नाही?"

गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! बाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्यांना खोकला आला होता म्हणे. खोकला डोंबलाचा!

हेडसर, तुम्ही वाईट माणूस नाही. मुंगीच्या पाठीवर थाप मारलीत, ते मी पाहिलं. पोरांना पटापट यावं असं तुम्हाला वाटतं, मलाही तेच वाटतं. मग भांडण कशाचं? भांडण एवढंच, की त्या पोरांनी मला आधी पाहिलं होतं, म्हणून डोळे मिटल्यावर मी दिसलो. सोमवारी नवी पोरं येतायत. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. बाई त्यांना म्हणतील, "घोडा आठवा," तर ती शेपटीवाला घोडा आठवतील आणि खिंकाळत बसतील. मग सात नि तीनचं काय करणार तुम्ही? घोकून घेणार? घड्याळ लावणार? आणि त्यांच्यात एखादी बारकी असेलच, फ्रॉकमध्ये हात घालून बसणारी. तिला परत पहिलीत बसवणार?

मला धूळ चालते. त्या तीन पायांच्या खुर्चीची रडगाणीही चालतात. पण माझ्या डोळ्यांदेखत भिंतीपलीकडे एक पोर बोटं लपवणार आणि मी वर पडून राहणार, हे चालणार नाही. चालणार नाही म्हणजे नाही.

उठा आता त्या खुर्चीवरून. स्टूल मावशींकडे आहे, मागून घ्या. मला खाली काढा, पुसा आणि सोमवारच्या आत पहिलीच्या वर्गात नेऊन ठेवा.